केबलची धर्मआई

नाबोर क्वाउत्ले हा गृहस्थ ओतिलियाबाईंच्या दुकानात पहिल्यांदा आला, त्या दुपारी पेन्योन वस्तीतली कबुतरं जी उडाली ती थेट पुएब्ला शहरात जाऊन उतरली. त्यातली निम्मी अजून परतलेली नाहीत, असं ओतिलियाबाई छातीवर क्रूस काढून सांगतात. मागच्या गल्लीत एका सुताराच्या हातून रंधा निसटला, तो त्याला दोन दिवसांनी शेजारच्या गच्चीवर सापडला. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी ताडकन उठून बसली, "आले का न्यायला?" असं तिने विचारलं, आणि कुणी आलेलं नाही म्हटल्यावर निराश होऊन पुन्हा आडवी झाली. विमानतळ वस्तीच्या अगदी बोकांडी असल्यामुळे पेन्योनच्या लोकांना आवाजाचं कौतुक नाही. पण त्या दिवशी विमानंही जरा उंचावरून गेली म्हणतात.

घडलं होतं ते एवढंच. नाबोर गाड्यावर भाजलेली रताळी विकत असे. मेक्सिको शहरातल्या रताळ्याच्या गाड्याला खाली भट्टी असते, वर धुराडं असतं, आणि धुराड्याशेजारी वाफेवर वाजणारी शिट्टी असते. गिऱ्हाइकाला हाक मारायची ती तिनेच. नाबोरला तेहतीस वर्षांची सवय अशी, की कुठल्याही दारात थांबलं की आधी शिट्टी सोडायची, मग बोलायचं. ओतिलियाबाई आत जुने स्पीकर लावून एक माइक तपासत होत्या. नाबोरने दारात गाडा थांबवला आणि शिट्टी सोडली. ती माइकने धरली, अकरा स्पीकरांना दिली, स्पीकरांनी ती माइकला साभार परत केली, आणि बाईंनी मेन स्विच ओढेपर्यंत ही देवाणघेवाण वाढत्या प्रेमाने चालू राहिली.

शांतता झाल्यावर नाबोरने टोपी काढली.

"नमस्कार बाई. आवाजाचं सामान तुमच्याकडे मिळतं असं ऐकलं."

"ऐकलं?" ओतिलियाबाई काउंटरखालून वर येत म्हणाल्या. "तुम्हाला अजून ऐकू येतं?"

"थोडं. डावीकडून."

डावीकडूनही ते थोडंच होतं. पण चेहऱ्यावर समाधान असं, की जगात ऐकण्यासारखं जेवढं आहे तेवढं आपल्याला ऐकू येतंच आहे. ठेंगणा, रुंद, भट्टीसमोर उभा राहून राहून पुढून भाजलेला आणि मागून कोवळा राहिलेला असा हा चोपन्न वर्षांचा विधुर. एकुलती मुलगी लग्न होऊन तोलुकाला. घरात तो, गाडा आणि रविवारी घालायची पांढरी टोपी.

"मला सोनिदेरो व्हायचंय," तो म्हणाला.

ओतिलियाबाईंना आश्चर्य वाटलं नाही. पेन्योनमध्ये दर तिसऱ्या घरात एक सोनिदेरो असतो, आणि उरलेल्या दोन घरांत त्याचे मेहुणे असतात. आपल्याकडे ज्याला डीजे म्हणतात तोच हा. पण याचं काम नुसती गाणी लावण्याचं नाही. गाणं चालू असतं, गल्लीत लोक कुंबिया नाचत असतात, आणि सोनिदेरो माइकवरून लोकांची नावं घेऊन सलाम सांगत असतो. अमक्या आत्याला सलाम, तमक्या जावयाला सलाम, गॅरेजवाल्यांच्या सगळ्या कुटुंबाला सलाम. लोक नावं लिहिलेले पुठ्ठे उंच धरून त्याच्यासमोर उभे राहतात. आपलं नाव घुमत घुमत गल्लीच्या टोकापर्यंत गेलं की माणूस कृतकृत्य होतो आणि मग, वेळ उरला तर, नाचतो.

नाबोरचीही पाटी दर वर्षी असे. पण शिट्टीने गेलेल्या कानांना आपलं नाव घेतलं की नाही हे कधी कळलंच नाही. विचारलं की लोक म्हणत, "घेतलं की! चांगलं दोनदा घेतलं." खरं काय ते देव जाणे. शेवटी त्याने ठरवलं की नाव घेणाराच व्हावं, म्हणजे निदान खात्री तरी राहील.

आणि संधी चालून आली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर मातेची छोटी देवळी आहे. तिचा सण मार्चमधल्या एका रविवारी असतो. मोठा सोनिदेरो पाच वाजता ट्रकभर सामान घेऊन येतो. त्याच्या आधीचा चार ते पाचचा तास समिती एखाद्या नवख्याला देते. समितीच्या अध्यक्ष हासिंताबाईंनी या वर्षी तो नाबोरला देऊ केला होता. लोकांना पसंत पडला तर तास कायमचा त्याचा. नाही पडला तर रताळी आहेतच. अट एकच, सामान स्वतःचं हवं.

"बरं," ओतिलियाबाई म्हणाल्या. त्यांच्या वडिलांचा सोनिदो, म्हणजे गाणी वाजवायचा ताफा, होता, भावाचा होता, आणि दोघांचंही सामान त्यांनीच आयुष्यभर उचललं होतं. त्यामुळे नवख्याला काय लागतं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी काउंटरवर एकेक वस्तू मांडली. आवाज कमीजास्त करायचा, इस्त्रीएवढा एक मिक्सर. मध्यम चणीचे दोन स्पीकर. आवाज घुमवणारा एक माइक. कानाला लावायचा हेडफोन. आणि केबलचं एक भेंडोळं.

"सुरुवातीला एवढं बस्स. त्यातही आधी केबल घ्या. चांगली घ्या. बाकी सगळं उसनं मिळतं, केबल कुणी देत नाही."

नाबोरने भेंडोळ्याकडे, सासरच्या माणसांनी नवरीच्या काळ्या बहिणीकडे पाहावं तसं पाहिलं. मग तो कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या स्पीकरकडे गेला आणि त्याच्या पोटावर तळवा ठेवून उभा राहिला.

"हा लावा बरं."

बाईंनी लावला. दुकानातल्या स्क्रूंच्या बरण्या फळीवर चालू लागल्या. नाबोरने डोळे मिटले. तळव्यातून कोपरापर्यंत, कोपरातून खांद्यापर्यंत कुंबिया चढत गेली.

"हा ऐकू येतो," तो हळूच म्हणाला.

ओतिलियाबाईंच्या मनात त्या क्षणी काहीतरी हललं, ते बरण्यांमुळे की काय हे त्यांनी तपासलं नाही. पण धंदा तो धंदा. "यातून गाणं येत नाही, नाबोर. नुसतं ढम्‌ ढम्‌. शिवाय तुम्हाला परवडायचा नाही."

"मला कशाला परवडायला हवा?" नाबोर म्हणाला. "पाद्रिनो आहेत की!"

इथेच सगळं फिसकटलं, कारण या युक्तीला पेन्योनमध्ये कुणीच चूक म्हणालं नसतं. तिथे कुठल्याही कार्याला प्रत्येक गोष्टीचा एक पाद्रिनो असतो, म्हणजे मानाचा धर्मबाप. केकचा वेगळा, बुटांचा वेगळा, वाजंत्रीचा वेगळा. ज्याने त्याने आपापली वस्तू द्यायची आणि मान घ्यायचा. मिक्सर आणि माइक नाबोरने स्वतःच्या पैशाने घेतले. उरलेल्या सामानासाठी तो टोपी घालून घरोघर निघाला.

पहिला आला खाटीक इलारिओ. गळ्यात एप्रन तसाच.

"सगळ्यात मोठा कोणता?"

"हा. पण यातून गाणं येत नाही."

"गाण्याचं काय करायचंय मला? नाव लिहायला जागा किती आहे ते सांगा."

जागा भरपूर होती. दुसऱ्या दिवशी त्या कपाटावर लाल रंगात अक्षरं चढली, 'पाद्रिनो इलारिओ आणि परिवार, ताजं डुकराचं मांस', आणि खाली हसऱ्या डुकराचं चित्र.

मग कासिल्दा आणि ग्रिसेल्दा या बहिणी आल्या. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे त्या शिवत. त्यांनी हिरव्या झोताचा दिवा पसंत केला. तो भिंतीवर नाव लिहून दाखवत असे.

"बायांनो, कार्यक्रम दुपारी चारला आहे," ओतिलियाबाई म्हणाल्या. "उन्हात हा दिसायचा नाही."

"न दिसू दे," कासिल्दा म्हणाली. "आम्हाला ठाऊक असेल ना, की भिंतीवर आमचं नाव आहे म्हणून!"

"आणि आम्ही सांगू सगळ्यांना," ग्रिसेल्दा म्हणाली.

न्हावी क्रिस्पिनने धूर सोडणारं यंत्र घेतलं. का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दुकानात मी आरशात माणसाला सुंदर करतो. आरसा नसला तर धूर बरा."

मोठमोठ्या वस्तू अशा पटापट गेल्या. केबलला मात्र कुणी विचारेना. नाबोर आठ घरं फिरला. औषधवाल्याने त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि म्हणाला, "केबलवर नाव कुठे लिहायचं, दादा? आणि लिहिलं तरी वाचायचं कुणी, मुंग्यांनी?" रद्दीवाला म्हणाला, धर्मबाप व्हायचं तर बाळाला चेहरा तरी हवा. दोन साध्या स्पीकरांचीही तीच गत. कपाटाशेजारी ते उभे केले तर दाराजवळ सोडलेल्या चपला वाटत.

सणाला चार दिवस उरले तेव्हा नाबोर पुन्हा ओतिलियाबाईंच्या दुकानात आला. आल्या आल्या बसला. शिट्टीही वाजवली नाही.

"सगळं आहे," तो म्हणाला. "नुसतं एकमेकांना जोडलेलं नाही."

"मी पहिल्याच दिवशी काय म्हटलं होतं?"

"काय?"

"केबल!" बाई त्याच्या डाव्या कानात ओरडल्या.

"हां. तीच नाही."

ओतिलियाबाईंनी लांब श्वास घेतला, भेंडोळं उचललं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. "घ्या. मी होते केबलची धर्मआई. आणि ते दोन स्पीकर एक दिवसापुरते न्या, परत आणा, ओरखडा न येता. तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला शत्रूच्या दुकानातसुद्धा नको."

नाबोरचे डोळे भरून आले. "तुमचंही नाव घेईन बाई. घुमवून घेईन."

"घ्या हो. बघू."

शनिवारी पाद्री सामानाला आशीर्वाद द्यायला आले आणि तीर्थाची झारी त्यांनी मिक्सरवर उचलली, तेव्हा "फादर, आधी प्लग!" असं ओरडून ओतिलियाबाईंनी धर्म आणि मिक्सर दोन्ही वाचवले. मग नावांचा क्रम ठरवायला क्रिस्पिनच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. इलारिओ पहिला निघाला. त्याने लगेच खिशातून मांस बांधायच्या कागदावर लिहिलेली आपल्या घराण्याची यादी काढली. सत्तावीस नावं होती. त्यातली दोन माणसं वारलेली होती, पण त्यांनाही आवडेल असं इलारिओचं म्हणणं पडलं. ओतिलियाबाईंची चिठ्ठी शेवटची निघाली.

रविवारी चार वाजता गल्लीवर रंगीत कागदांच्या माळा हलत होत्या. देवळीसमोर फुलं होती, मोठ्या पातेल्यांतून मोले रश्शाचा वास येत होता, आणि नाबोर पांढरी टोपी घालून मिक्सरमागे उभा होता. त्याने पहिलं गाणं लावलं. कपाट ढम्‌ ढम्‌ करू लागलं. क्रिस्पिनने धूर सोडला. बहिणी भिंतीकडे बोट दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "तिथे आमचं नाव आहे, नीट बघा."

नाबोरने माइक तोंडाजवळ नेला. आणि त्याच क्षणी विमानतळावर उतरणारं एक जंगी विमान गल्लीवर आलं.

आता पेन्योनचा रिवाज असा आहे, की विमान आलं की माणूस वाक्याच्या मधोमध थांबतो. भांडण असो, लग्नाची मागणी असो, पाद्रींचं प्रवचन असो. विमान जाऊ द्यायचं आणि जिथे सोडलं त्याच शब्दापासून पुढे चालायचं. कुणी हे शिकवत नाही, ते अंगातच असतं. ते अंगात नसलेला वस्तीत एकच माणूस होता. त्याला विमान ऐकूच आलं नाही. तो डोळे मिटून, एका हाताचा तळवा कपाटावर ठेवून, खाटीक इलारिओ आणि परिवाराची सत्तावीस नावं जीव ओतून घेत राहिला. लोकांना फक्त त्याचे हलणारे ओठ दिसले. नावं संपली आणि विमान गेलं.

"...यांना सलाम!" नाबोर म्हणाला.

इलारिओ पुढे आला. "माझं नाव कुठंय?"

"घेतलं की!"

"कुणी ऐकलं?" इलारिओने गल्लीला विचारलं. कुणीच ऐकलं नव्हतं. इलारिओच्या बायकोनेही नाही, आणि ती स्पीकरला टेकून उभी होती.

नाबोरने ती सत्तावीस पुन्हा घेतली. या वेळी स्वच्छ ऐकू आली. पण तेवढ्यात कासिल्दा कंबरेवर हात ठेवून हजर.

"याला दोनदा का?"

"पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून, ताई."

"घेतलं तर होतं ना? मग दोनदाच झालं. आम्हालाही दोनदा."

क्रिस्पिन म्हणाला, मग मलाही. नाबोर भला माणूस. त्याने बहिणींना दोनदा घेतलं, क्रिस्पिनला दोनदा घेतलं, त्याच्या तिन्ही मेहुण्यांना दोनदा घेतलं. तेच गाणं चौथ्यांदा फिरून आलं. नाचायला उभी राहिलेली जोडपी आता भिंतीला टेकून शेंगदाणे खात होती.

"थांबा!" इलारिओ गरजला. "यांची दोनदा ऐकू आली, माझी एकदाच! म्हणजे मी खाली गेलो!"

"मग तिसऱ्यांदा घे त्याचं," कुणीतरी म्हणालं.

"घेऊन तर बघा!" ग्रिसेल्दा म्हणाली.

देवळीशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या हासिंताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. ओतिलियाबाईंनी ते पाहणं पाहिलं. या माणसाचा तास कायमचा चालला आहे हे त्यांना दिसत होतं. नाबोरलाही दिसत होतं, कारण डोळ्यांनी तो उत्तम होता. टोपीखाली त्याचा चेहरा भट्टीसमोर असतो त्याहून लाल झाला होता.

तेवढ्यात इलारिओने आपल्या दुकानातले दोन गडी बोलावले, डुकराच्या चित्रासकट ते कपाट उचललं आणि चालता झाला. संगीताचं पोट गेलं. बहिणींनी दिवा काढला. दिसत नव्हताच, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही, म्हणून त्यांनी तो काढल्याचंही सगळ्यांना सांगितलं. क्रिस्पिनने धुराचं यंत्र काखोटीला मारलं आणि ते बंद करायला विसरल्यामुळे ढगातून घरी गेला.

उरला नाबोर, मिक्सर, माइक, उसने दोन स्पीकर आणि केबल. गाणं चालू होतं, पण लहान झालं होतं. नाबोरने सवयीने तळवा बाजूला नेला. तिथे हवा होती.

ओतिलियाबाई उठल्या, गर्दीतून वाट काढत त्याच्या डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"आता सलाम सांगा."

"कुणाला? पाद्रिनो तर गेले."

"ज्यांनी काही दिलं नाही त्यांना. एवढी गल्ली उभी आहे समोर."

"मला यांची नावं कुठे ठाऊक आहेत, बाई? मी तेहतीस वर्षं यांना रताळी देतोय. मला फक्त रताळी ठाऊक आहेत."

"मग तीच सांगा! आणि मी हात वर केला की गप्प बसा."

नाबोरने गर्दीकडे पाहिलं. मग जपून, जणू भट्टीतून काही बाहेर काढतो आहे असा, तो माइकमध्ये बोलला.

"निळ्या दारातल्या आजींना सलाम. त्यांना टोकाचं, करपलेलं लागतं."

गल्लीच्या मध्यातून एक हसू फुटलं. निळ्या दारातल्या आजींनी दोन्ही हात वर केले.

"चौदा नंबरच्या साहेबांना सलाम. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हणून ते कोपऱ्यावर येऊन खातात. वहिनींनाही सलाम."

"काय?" चौदा नंबरच्या वहिनी म्हणाल्या, आणि गल्ली खदखदली.

"हिरव्या जिन्यावरच्या ताईंना सलाम. एका रताळ्यावर तीन वेळा आटवलेलं दूध ओतून घेतात आणि म्हणतात, अरे, आज विसरलास वाटतं!"

"कंजूस मेल्या, एकदा तरी नीट ओत!" जिन्यावरून आवाज आला.

ओतिलियाबाईंचा हात वर गेला. नाबोर थांबला. विमान आलं, गेलं. हात खाली आला आणि नाबोर त्याच शब्दापासून पुढे निघाला. आवाज लहान म्हणून लोक जवळ सरकले. जवळ सरकले म्हणून एकमेकांच्या अंगावर आले, आणि अंगावर आल्यावर करायचं काय, म्हणून नाचू लागले. औषधवाला नाचला. हासिंताबाई खुर्चीतल्या खुर्चीत पाय हलवत होत्या. "आमचं सांग! आमचं काय असतं?" असं ओरडत माणसं पुढे येत होती. नाबोर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाही आणि नेमकं सांगे: दोन लहान, सालं काढून. एक मोठं, उधार नाही. भावासाठी एक बांधून, भाऊ मात्र कुणी पाहिलेला नाही.

वीस मिनिटं हे असं चाललं. तेवढ्या वेळात ओतिलियाबाईंनी सात विमानं थांबवली. हात भरून आला तेव्हा त्यांनी दुसरा लावला. पाच वाजता मोठ्या सोनिदेरोचा ट्रक गल्लीत शिरला, भोंगा वाजला, लोक बाजूला झाले. नाबोरने टोपी काढून कपाळ पुसलं.

"कसं झालं?"

"बरं झालं," ओतिलियाबाई म्हणाल्या. केबल गुंडाळता गुंडाळता त्यांच्या लक्षात आलं की आपलं नाव राहूनच गेलं. त्यांनी तो विषय काढला नाही. मात्र स्पीकरवर ओरखडा आहे का हे, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ, पाहून घेतलं.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी समितीची बैठक झाली. इलारिओ समितीचा खजिनदार होता. चार ते पाचचा तास बंद करून मोठ्या सोनिदेरोलाच एक तास आधी बोलवावं, असा ठराव त्याने मांडला, आणि सणाचा पैसा त्याच्याच हाती असल्यामुळे तो मंजूर झाला. बैठक संध्याकाळी सहाला होती. नाबोरला कुणी कळवलं नव्हतं, तो त्या वेळी दुसऱ्या वस्तीत रताळी विकत होता.